जोडदांड्याचा भाव कोण ठरवतो?

२०२५ च्या जुलै महिन्यात जुन्नर तालुक्यातून प्रस्तुत लेखकास एक दूरध्वनी आला. पलीकडे मावसभाऊ होता. त्याच्याकडे एक पिकअप आहे. टोमॅटोच्या हंगामात तो आसपासच्या गावांतील क्रेट नारायणगावच्या बाजारात नेतो, तेथून व्यापाऱ्याचा माल वाशीला पोचवितो; हंगाम सरला की कांदा, चारा, विटा, मांडवाचे सामान, जे मिळेल ते वाहतो. "दादा, तू दिल्लीत आहेस ना? काश्मीरी गेटला एक कनेक्टिंग मिळतोय का बघ. एकच पाहिजे," एवढे बोलून त्याने गाडीचे साल आणि इंजिनाचा क्रमांक सांगितला. इंजिनाशी माझा संबंध आजवर शब्दांपुरताच होता. त्या एका दांड्याच्या शोधात पुढील बारा दिवसांत जे पाहिले व ऐकले ते येथे मांडावयाचे आहे. अडचण होती हे खरे. पण ती पोलादाची नव्हती, कारागिरीचीही नव्हती.

ज्यास इंजिनवाले ‘कनेक्टिंग रॉड’ वा नुसते ‘कनेक्टिंग’ म्हणतात, तो पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा घडीव पोलादी दांडा. पिस्टन वर-खाली होतो, क्रँक गोल फिरतो. एकाची गती दुसऱ्याला देण्याचे काम या दांड्याचे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर हा दांडा एका सेकंदात ५० वेळा वर जाऊन खाली येतो, आणि इंधन पेटण्याच्या क्षणी कित्येक टनांचा दाब अंगावर झेलतो. काही महिन्यांपूर्वी एका वाहतूक कामगार संघटनेच्या निवेदनाचे भाषांतर करताना मी त्यास ‘संयोजक दंड’ म्हटले होते. मजकूर तपासणारे वयोवृद्ध कॉम्रेड पूर्वी एसटीच्या कार्यशाळेत इंजिन विभागात काम करीत. त्यांनी तो शब्द खोडला आणि समासात लिहिले, "असे लिहिलेत तर आमच्या मिस्त्रीला दंड भरावा लागेल असे वाटेल." तेव्हापासून मी ‘जोडदांडा’ लिहितो. त्यांना तोही पसंत नाही.

पाणी दाबले जात नाही

गाडीचे झाले असे. रात्रीच्या पावसाने ओढ्याची फरशी पाण्याखाली होती. माल नाशवंत, व्यापाऱ्याचा तगादा चालू. भावाने गाडी पाण्यात घातली. इंजिनाने हवेबरोबर पाणी आत ओढले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत पाणी उभे राहिले आणि मधला दांडा वाकला. गाडी जागीच बंद पडली. पाणी काढून ती पुन्हा सुरू झाली खरी, पण आतून टकटक येऊ लागली आणि चढावर ती दम टाकू लागली. गावातील मिस्त्रीने लगेच पुढे न चालविण्याचा सल्ला दिला, हे त्या माणसाचे मोठेच उपकार. वाकलेला दांडा तसाच पळविला तर तो तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मग दुरुस्तीस काही उरत नाही.

मिस्त्रीने हेड आणि चेंबर उतरविले. क्रँक फिरवून प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणला. तीन पिस्टन एकाच उंचीपर्यंत आले, एक थोडासा खालीच राहिला. निदान झाले. एक दांडा, त्याच्या बेअरिंगची जोडी, गॅस्केट, तेल आणि मजुरी, एवढेच काम. विम्याची चौकशी केली तेव्हा समजले की इंजिनात पाणी जाऊन झालेले नुकसान हे ‘परिणामी नुकसान’ ठरते आणि इंजिनाच्या संरक्षणाचा वेगळा हप्ता भरलेला नसेल तर सामान्यतः भरपाई मिळत नाही. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी येणे ही आपल्याकडे वार्षिक घटना आहे. ती विम्याच्या मूळ कलमात बसत नाही.

अधिकृत सेवा केंद्राने (कोणत्या कंपनीचे, ते सांगण्याचे येथे कारण नाही) सुटा दांडा देण्यास असमर्थता दर्शविली. चारांचा संच मागवावा लागेल, त्यास तीन आठवडे लागतील, आणि त्यापेक्षा ‘हाफ इंजिन’ बदलणेच योग्य, असा सल्ला मिळाला. अंदाज सत्तर हजारांचा. बाहेरून दांडा आणून बसविल्यास इंजिनाची कसलीही जबाबदारी आमच्यावर राहणार नाही, हेही बजावून सांगण्यात आले. गाडीच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला जातो. हप्त्याला इंजिन उघडे पडले आहे की मिटलेले, याच्याशी कर्तव्य नसते.

तीन खोकी

दिल्लीचे काश्मीरी गेट हा सुट्या भागांचा देशातील मोठा घाऊक बाजार. उत्तरेतील लहानमोठ्या गावांचे दुकानदार येथून माल नेतात. पुण्यास नाना पेठ आहे, जुन्या मालासाठी मुंबईस कुर्ला, कोलकात्यास मलिक बाजार, चेन्नईस पुदुपेट. इतर राज्यांतील कॉम्रेडना आपापल्या शहरातील अशी गल्ली ठाऊक असेलच. पाच फूट रुंदीच्या दुकानात छतापर्यंत खोकी, आणि त्या खोक्यांचा हिशेब एका माणसाच्या डोक्यात. त्याने पहिला प्रश्न विचारला तो भारत स्टेज तीन, चार की सहा? एप्रिल २०१७ मध्ये देशभर चौथा टप्पा लागू झाला, एप्रिल २०२० मध्ये सहावा. धूर कमी झाला पाहिजे याविषयी दुमत नाही. परंतु प्रत्येक टप्प्यास इंजिने बदलतात, त्यांबरोबर आतील भाग आणि भागांचे क्रमांक बदलतात, आणि पाच वर्षांपूर्वीच्या गाडीचा सुटा भाग ‘जुन्या मॉडेलचा’ होऊन बसतो. गाडीचे कर्ज मात्र त्या वेळी फिटलेले असतेच असे नाही.

दुकानदाराने माझ्यासमोर तीन खोकी ठेवली. पहिले गाडीच्या कंपनीचे. दुसरे त्या कंपनीला दांडे घडवून देणाऱ्या पुरवठादाराचे, त्याच्या स्वतःच्या नावाचे. तिसरे कोणाचेच नाही. त्यावर फक्त मापे. पहिल्या दोन खोक्यांतील दांड्यांत मला फरक दिसेना. त्याने हसून सांगितले की फरक नाहीच. एकाच भट्टीतून निघाले, एकाच यंत्रावर तासले गेले. वेगळा आहे तो भाव. पुरवठादाराच्या खोक्यातील दांडा जवळजवळ निम्म्या किमतीला होता. मी तो उचलला तेव्हा तो म्हणाला की तुमच्या इंजिनाचा नाही, आधीच्या टप्प्याचा आहे; तुमच्या इंजिनाचा तो बनवितो, पण बाहेर विकीत नाही, त्याला मनाई आहे.

हे वाक्य मी वहीत टिपून घेतले. त्यावर पुढे यावयाचे आहे.

पाचव्या दुकानात एका फुटलेल्या संचातील सुटा दांडा मिळाला, दोन हजारांच्या आत. तरी काम संपले नाही. चारही दांड्यांचे वजन जुळले पाहिजे, नाहीतर इंजिन हादरते आणि बेअरिंगे लवकर जातात. म्हणून कारखान्यात दांड्यांची वजनानुसार वर्गवारी करून त्यावर खूण उठवितात. आमच्या जुन्या दांड्यावरची खूण पुसट झालेली. मिस्त्रीने वाकलेला दांडा गावातील सोनाराकडे नेला आणि त्याच्या काट्यावर तोलून ग्रॅमचा आकडा मला फोनवर सांगितला. वाकला तरी वजन घटत नाही, एवढे त्याला पुरे होते. दुकानदारानेही आपला दांडा तोलला. तीन ग्रॅमचा फरक. "चालेल," मिस्त्री म्हणाला. त्या माणसाने आयुष्यात कंपनीचे दुरुस्तीचे पुस्तक पाहिलेले नाही, कारण ते त्याला कोणी दिले नाही.

कार्यशाळेतील कॉम्रेडना मी नव्या दांड्याचे छायाचित्र दाखविले तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दांड्याचे मोठे टोक क्रँकला बसविण्यासाठी दोन तुकड्यांचे असते. खालचा तुकडा म्हणजे टोपी. त्यांच्या काळी टोपी कापून वेगळी करीत व दोन्ही पृष्ठे यंत्रावर गुळगुळीत करीत. वापराने ते भोक लांबट झाले की टोपीचे पृष्ठ किंचित घासावयाचे, टोपी आवळावयाची, भोक पुन्हा मापात आणावयाचे. तोच दांडा पुन्हा लाखभर किलोमीटर चाले. एसटीच्या कार्यशाळांत आणि कोणत्याही तालुक्याच्या बोरिंगच्या दुकानात हे काम होत असे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत नवी रीत आली. मोठे टोक अखंड घडवितात, आत बारीक खाच पाडतात आणि एका झटक्यात ते तोडतात. तुटलेली पृष्ठे फुटलेल्या गुळाच्या ढेपेसारखी खडबडीत राहतात आणि एकमेकांत फक्त एकाच प्रकारे बसतात. एका दांड्याची टोपी दुसऱ्याला चालत नाही. हे पृष्ठ घासता येत नाही. घासले की दांडा गेला.

कारखानदाराच्या दृष्टीने ही सुधारणा आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ती खरोखरच सुधारणा आहे: यंत्रकामाचे टप्पे कमी होतात, जोड अधिक पक्का बसतो. तंत्राला दोष देण्याची सवय आपण लावून घेऊ नये. पाहावयाचे ते इतकेच की घडणावळ स्वस्त झाली, तिचा लाभ कारखान्याच्या दारात थांबला; आणि तालुक्याच्या यंत्रावर जे काम काही शे रुपयांत होत असे त्याची जागा नव्या भागाच्या खरेदीने घेतली. दुरुस्ती जितकी अशक्य होत जाते तितका सुट्या भागावरील ताबा मोलाचा होत जातो. म्हणूनच तो ताबा कोणाकडे आहे, हा प्रश्न आज वीस वर्षांपूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

आयोगाचा आदेश

या ताब्याची कागदोपत्री हकीकत उपलब्ध आहे. भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०११ मध्ये एका नागरिकाने तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. चौकशी तीन कंपन्यांवरून वाढत सर्व प्रमुख कंपन्यांपर्यंत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना दोषी धरून एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यात टाटा मोटर्सला १,३४६ कोटी, मारुती सुझुकीला ४७१ कोटी, महिंद्र अँड महिंद्रला २९२ कोटी. देशी आणि विदेशी कंपन्या त्या यादीत शेजारी शेजारी बसल्या आहेत. ‘राष्ट्रीय’ भांडवल आणि परदेशी भांडवल यांच्यात भेद करताना आपल्याकडे जी शाई खर्च होते, तीपैकी थोडी या यादीसाठी राखून ठेवावी.

आयोगाचा निष्कर्ष असा की गाडी एकदा विकत घेतली की ग्राहक त्या कंपनीच्या सुट्या भागांशी बांधला जातो. एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसत नाही. म्हणून गाड्यांच्या बाजारात कितीही स्पर्धा असो, आपापल्या सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनी प्रबळ आहे, आणि त्या बळाचा दुरुपयोग करीत आहे. मूळ पुरवठादारांशी केलेल्या करारांत खुल्या बाजारात थेट विक्री करण्यावर बंधने होती. काश्मीरी गेटच्या दुकानदाराचे वाक्य म्हणजे आयोगाच्या निष्कर्षाचा बोली अनुवाद होय. त्याने आदेश वाचला असण्याची शक्यता नाही. कंपन्यांनी बौद्धिक संपदेचा मुद्दा पुढे केला, म्हणजे आराखडे आमचे आहेत असा. बहुतेकांना त्या भागांवरील भारतातील नोंदणीकृत हक्क दाखविता आले नाहीत. अप्रशिक्षित हातांत सुटे भाग गेल्यास सुरक्षितता धोक्यात येईल हा दुसरा युक्तिवादही टिकला नाही.

आदेशात काय होते हे आपल्या वाहतूक आघाडीवरील कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे असे मी सुचवीन. पुरवठादारांना खुल्या बाजारात विक्रीस मुभा द्या. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळतील अशी व्यवस्था उभारा. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करू नका. भागांच्या किमती आणि तोडीचे पर्याय जाहीर करा. आणि ज्याची फारशी चर्चा झाली नाही असे एक कलम: टायर आणि बॅटरी यांप्रमाणे अधिकाधिक भाग प्रमाणित करा, म्हणजे ते निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालतील. भांडवलशाही व्यवस्थेच्याच एका आयोगाने हे म्हणावे, यातच मक्तेदारी कोठवर गेली आहे ते दिसते.

पुढे जे झाले ते नेहमीचेच. काही कंपन्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे गेल्या, काही उच्च न्यायालयांत. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या प्रकरणी आयोगाचा निष्कर्ष उचलून धरला, पण दंड एकूण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजावा असे ठरवून तो बराच खाली आणला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्कासाठी’ समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने हे चार विभाग तिने निवडले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू झाले. कंपन्यांनी तेथे आपली माहिती स्वेच्छेने द्यावयाची. युरोपात पुरवठादाराने स्वतंत्र बाजारात भाग विकण्यावर गाडीच्या कंपनीने घातलेली बंधने २०१० च्या नियमानेच निषिद्ध मानली गेली आहेत. आपल्याकडे पोर्टल आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. २०१४ चा आदेश प्रवासी मोटारींबद्दलचा होता. मालवाहू पिकअप त्यात थेट येत नाहीत. एकाच कंपनीची जीप आणि पिकअप यांत पुष्कळदा एकाच कुळातील इंजिन असते, दांडाही तोच असतो, परंतु आदेशाच्या नावात एक आहे आणि दुसरी नाही. ज्याची गाडी चैनीची वा सोयीची, त्याच्यापर्यंत निदान कागद पोचला. ज्याची गाडी पोटाची, त्याच्यापर्यंत तोही नाही.

‘हा तर मालकाचा प्रश्न’

ही हकीकत कार्यालयात सांगितली तेव्हा एका तरुण कॉम्रेडने आक्षेप घेतला. तुमचा भाऊ वाहनमालक आहे; त्याचा नफा बुडाला, त्यात कामगारवर्गाने लक्ष का घालावे? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. आपल्या पत्रात लहान मालकांच्या कैफियती कधी कधी वाजवीपेक्षा अधिक सहानुभूतीने छापल्या जातात, हे मलाही मान्य आहे.

पण मालकी म्हणजे काय ते येथे पाहू. गाडीच्या आर.सी. पुस्तकात वित्त कंपनीचे नाव तारणदार म्हणून आहे. भाडे बाजारातील व्यापारी ठरवितो, डिझेलचा भाव तेल कंपन्या आणि सरकार, विम्याचा हप्ता विमा कंपन्या, आणि गाडी मोडली तर सुट्या भागाचा भाव गाडीची कंपनी. त्याच्या हाती ठरविण्याजोगे उरते ते एकच: किती तास चालवावयाची आणि किती वजन भरावयाचे. तो दोन्ही वाढवितो. ज्या इंजिनाचे दांडे वाकतात आणि बेअरिंगे जळतात त्यामागे पुष्कळदा हीच दोन कारणे असतात, आणि ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असे लिहून हमी नाकारली जाते. फरशीवरील पाण्यात गाडी घालणे चूकच होते, मी त्याला तसे म्हटलेही. "मग टोमॅटोला सांगायचं का, थांबा म्हणून?" असे त्याचे उत्तर होते.

दांड्याच्या दुसऱ्या टोकालाही माणसे आहेत. मुंढवा, चाकण, राजकोट, लुधियाना, फरिदाबाद येथील घडाईच्या कारखान्यांत तापलेल्या पोलादावर घण पडतो, त्याच्या शेजारी उभे राहून हे दांडे घडविले जातात. १९६१ मध्ये पुण्यात भारत फोर्ज सुरू झाली तेव्हापासून हा उद्योग इतका वाढला की जगातील नामांकित ट्रक कारखाने आपले क्रँक आणि इतर घडीव भाग या देशातून नेतात. जो देश जगाला घडीव भाग पुरवितो, तेथे जुन्नरच्या माणसाला एक दांडा बारा दिवस मिळू नये, याचे कारण उत्पादनशक्तीच्या दुबळेपणात शोधून सापडणार नाही. घडविणाऱ्या कामगाराच्या वेतनातही ते सापडत नाही. खोके बदलल्याने भाव दुप्पट होतो, मजुरी तीच राहते. घडविणारा आणि चालविणारा, या दोघांच्या मध्ये उभा आहे तो भागाचा क्रमांक आणि तो क्रमांक ज्याच्या कुलपात आहे तो.

मोठ्या गिऱ्हाइकाला हे कुलूप लागत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आमच्या वृद्ध कॉम्रेडनी सांगितले की महामंडळ निविदा काढीत असे तेव्हा पुरवठादार नमुने घेऊन दारात उभे राहत; दापोडीच्या कार्यशाळेत दांड्याचा बाक तपासण्याची आणि पोलादातील सूक्ष्म चीर शोधण्याची सोय होती, खराब माल परत जाई. हजारो इंजिने एकत्र असली की भाव विचारण्याची ताकद येते. एकट्या पिकअपवाल्यांच्या गाड्याही एकत्र मोजल्या तर हजारोच भरतील, पण प्रत्येक जण एकेका दांड्यासाठी एकटा दुकानात जातो.

नकली माल कोठून येतो

कंपन्यांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद नकली मालाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. तिसरे, बिननावाचे खोके मी उघडून पाहिले होते. त्यातील माल चांगलाही असेल. कित्येक लहान कारखाने मापात माल देतात. पण पोलादाची प्रत, उष्णोपचार, बोल्टांची ताकद या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. सेकंदाला ५० वेळा ताण घेणारा दांडा एका रात्री घाटात तुटला तर इंजिन जाते, कधी त्याबरोबर माणूसही. भंगारातील जुना दांडा स्वस्त पडतो. त्यात मुरलेली चीर तपासणीशिवाय कळत नाही, आणि बाजारात येणारा प्रत्येक जुना भाग सरळ मार्गाने आलेला असतो असेही नाही. मेरठच्या सोतीगंज बाजारावर डिसेंबर २०२१ मध्ये कारवाई झाली ती चोरीच्या गाड्या तेथे सुट्या होत म्हणून.

परंतु अस्सल दांडा सुटा मिळत नाही, मिळाला तर संचात आणि दुप्पट भावाने, तीन आठवड्यांनी. आणि हप्ता पाच तारखेला. या पोकळीत नकली खोके आले नाही तरच नवल. व्यापारचिन्हाच्या कायद्याखाली दुकानांवर छापे पडतात, लेबले जप्त होतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ज्या पुरवठादाराचा अस्सल माल निम्म्या किमतीत त्याच दुकानात उभा राहू शकला असता, त्यावरील मनाईवर मात्र छापा पडत नाही. नकली मालाचा खरा शत्रू मोकळा, नाव लावलेला, तपासता येणारा अस्सल माल हाच आहे. हे गॅरेजवाले जाणतात, कंपन्याही जाणत असाव्यात.

मागणी काय असावी

जुलै २०१८ मध्ये मालवाहतूकदारांचा आठ दिवसांचा संप झाला. गाजलेल्या मागण्या डिझेल, टोल आणि विम्याचा हप्ता यांच्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतील अपघाताच्या कलमाविरुद्ध चालक उत्स्फूर्तपणे रस्त्यावर आले. दोन्ही वेळी प्रश्न खरे होते. सुट्या भागांचा प्रश्न मात्र प्रत्येकाच्या घरी येऊनही कोणाच्या फलकावर येत नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या गाडीच्या तब्येतीचा, दैवाचा म्हणून सहन केला जातो. वाहतूक संघटनांच्या निवेदनांत त्याला जागा मिळाली पाहिजे. २०१४ च्या आदेशातील तरतुदी मालवाहू वाहनांना लागू करणारा कायदा व्हावा. इंजिनाच्या प्रत्येक भागाचा क्रमांक, मापे, वजनाचा वर्ग आणि बोल्ट आवळण्याचा जोर ही माहिती, गाडी विकली त्याच दिवशी सर्वांस खुली असावी. गाडीची विक्री थांबल्यावरही निदान कर्ज फिटेपर्यंतच्या काळापेक्षा अधिक वर्षे भाग सुटे पुरविण्याचे बंधन कंपनीवर असावे. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये दांड्याचा बाक आणि चीर तपासण्याचे साधन असावे, तेथे कोणत्याही मिस्त्रीला नाममात्र शुल्कात ते वापरता यावे. हे शेवटचे आमच्या कॉम्रेडनी सुचविलेले आहे आणि मला ते सर्वांत व्यवहार्य वाटते, कारण त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. जिल्ह्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला तर एका वर्षाच्या अंदाजपत्रकात ते बसू शकते.

सहकारी खरेदीचाही विचार व्हावा. दूध, ऊस, खते यांसाठी ज्या जिल्ह्यांत सहकार उभा राहिला तेथे पिकअपवाल्यांनी सुट्या भागांची एकत्र मागणी नोंदविणे अशक्य नाही. सहकाराचे पुढे काय होते तेही आपण त्याच जिल्ह्यांत पाहिले आहे, म्हणून या सूचनेवर मी फार भर देत नाही.

दांडा खासगी पार्सलने तिसऱ्या दिवशी नारायणगावास पोचला. मिस्त्रीने नवे बेअरिंग, नवे बोल्ट घातले, तेल बदलले. सर्व मिळून खर्च चौदा हजारांच्या आसपास आला, त्यात दांड्यावरील २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबरपासून तो १८ टक्के झाला. दहा टक्क्यांची ही सूट खोक्यावरील छापील किमतीत किती उतरली, ते पाहण्यासाठी मी ऑक्टोबरात पुन्हा काश्मीरी गेटला गेलो होतो. पाचव्या दुकानात त्या इंजिनाचा सुटा दांडा नव्हता. संच मागवावा लागेल, असे त्याने सांगितले.